लहान गावाला बाह्यवळण रस्ता हवा काय?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या प्रसंगी मी ज्ञातीच्या पूर्वेतिहासावर चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची इच्छा होती. परंतु गेले कित्येक महिने आपल्या घराघरांत ज्या प्रश्नाची चर्चा चालू आहे, तो बाजूस ठेवून इतिहासात रमणे मला प्रशस्त वाटले नाही. गावातून जाणारी अवजड वाहतूक गावाबाहेरून न्यावी काय, हा तो प्रश्न होय. सरकारी कागदांत अशा रस्त्यास ‘बाह्यवळण रस्ता’ म्हणतात. आपण सारे ‘बायपास’ म्हणतो. त्यास विरोध करणारे निवेदन मंडळाच्या वतीने धाडावे, अशी सूचना आली आहे. त्यावर सह्या करण्यापूर्वी आपण शांत चित्ताने विचार करावा, एवढीच माझी विनंती आहे.

प्रथमच सांगून टाकतो, की या बाबतीत मी तटस्थ नाही. माझे दुकान हमरस्त्यावर आहे, आणि या सभागृहातील निम्म्याहून अधिक कुटुंबांची चूल त्याच रस्त्यावर पेटते. रस्ता गेला की गिऱ्हाईक गेले, ही भीती खोटी नाही. आपल्या कोकणचा इतिहासच तिची साक्ष देतो. 1649 साली इंग्रजांनी राजापुरास वखार घातली, इतके ते बंदर नावाजलेले होते. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापाराच्या वाटा बदलल्या आणि बंदराचे वैभव ओसरले. वेंगुर्ल्याची पेठ गलबतांवर, आगबोटींवर आणि आंबोली घाटाने बेळगावकडे जाणाऱ्या मालावर नांदली. बोटी थांबल्या तसा तिचाही तो काळ सरला. तेव्हा वाट बदलल्याने पेठ खालावते, हे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हे.

तथापि, आपले गिऱ्हाईक कोण, हे आपण एकदा वहीत पाहावे. मी माझ्या दुकानाची वही पाहिली. उधारीच्या खात्यांत परगावच्या वाटसरूचे नाव एकही नाही. आहेत ती सारी भोवतालच्या वाड्यांवरची माणसे. मालाने भरलेला ट्रेलर माझ्या दारावरून जातो, तो धूळ देऊन जातो. सुपारीचे खांड घेण्यासाठीही थांबत नाही. चहाचे दुकान अथवा खाणावळ चालविणाऱ्या बांधवांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे नुकसान खरे आहे, आणि त्याविषयी मी पुढे बोलणार आहे.

शेजारची दोन उदाहरणे पाहा. सावंतवाडी शहरातून जाणारा मुंबई-गोवा महामार्ग झारापपासून पत्रादेवीपर्यंत नव्या वाटेने शहराबाहेरून गेला. गोव्यास सरळ जाणारा प्रवासी आता तेथे सहजगत्या थांबत नाही, हे खरे. परंतु तालुक्याचे कामकाज, शाळा-महाविद्यालये आणि आठवड्याचा बाजार काही महामार्गाबरोबर उठून गेला नाही. लाकडी खेळण्यांसाठी आजही माणूस वाट वाकडी करून सावंतवाडीस जातो. उलट कणकवलीस महामार्ग गावातच राहिला. त्यासाठी रुंदीकरणात दुतर्फा दुकाने व घरे गेली आणि वर खांबांवरचा पूल उभा राहिला. रस्ता गावात राहिला, पण गाडी वरून जाते आणि दुकानदार खाली राहतो! बायपासला विरोध केला म्हणजे रस्ता आहे तसाच राहील, असे जे आपण गृहीत धरतो, ते म्हणूनच बरोबर नाही. आपण ज्याची निवड करणार ते कदाचित रुंदीकरण असेल, आणि त्याची मोजपट्टी आपल्याच ओट्यावर पडेल.

येथे दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द ऐकविले पाहिजेत. बायपास झाला की कोंडी फुटेल, असे मानणारे तरुण मंडळात बरेच आहेत. कोंडी जर एस. टी. स्थानकापाशी वळणाऱ्या गाड्यांनी, बाजाराच्या दिवशी आडव्या लावलेल्या मोटारींनी आणि आपण गटारावर पुढे ओढलेल्या पायऱ्या-पत्र्यांनी होत असेल, तर दहा बायपासही ती फोडू शकणार नाहीत. म्हणून आधी मोजणी हवी: किती वाहने गावात येतात आणि किती नुसती गावातून जातात. दुसऱ्या प्रकारची वाहने थोडी असतील, तर बायपास मागूच नये.

नवा रस्ताही पुढे नवी पेठ बनतो. कात्रज-देहूरोड बायपास पुणे शहराबाहेर म्हणून केला. शहर त्यास येऊन मिळाले, आणि आज नवले पुलाचे नाव अपघातांमुळे सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकी ज्यांनी आतापासूनच त्या बाजूस भूखंड पाहावयास आरंभ केला आहे, त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आणि ज्यांची भातशेती जाणार, ते बहुधा या सभागृहात नाहीत. राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली, की 1956 च्या कायद्यान्वये हरकतीस एकवीस दिवसांची मुदत असते. कुळाच्या अन् सामाईक सातबाऱ्याच्या माणसास ती केव्हा सरली हेही कळत नाही. आपल्या ज्ञातीत वकील आहेत, लेखनिक आहेत. त्यांनी या लोकांचे अर्ज लिहून द्यावेत. ते आपल्या ज्ञातीचे नसले तरी आपले गिऱ्हाईक आहेत, शेजारी आहेत.

माझी सूचना अशी, की विरोधाचे निवेदन धाडू नये, मागणीचे धाडावे. मोजणी करून ती गावापुढे मांडावी. बायपास व्हावयाचा असेल तर दोन्ही तोंडांशी गावाचा ठळक फलक व सुरक्षित जोडरस्ता असावा. एस. टी.च्या गाड्या गावात आल्याच पाहिजेत, कारण बाहेरून निघून जाणारी बस कोणत्याही ट्रेलरपेक्षा पेठेचे अधिक नुकसान करते. खाणावळवाल्यांस जोडरस्त्यावर प्रथम जागा मिळावी. नव्या रस्त्याच्या कडेस बांधकामे होऊ देऊ नयेत. आणि जुना रस्ता मोकळा झाला, की प्रथम आपण आपल्या पायऱ्या मागे घ्याव्यात.

रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी मी शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडून देतो. एका हातात तीन-तीन चिमुकली बोटे असतात आणि दुसरा हात ट्रेलरपुढे उभारलेला असतो. माझे वय आता या कामाचे राहिले नाही. गल्ल्यात चार पैसे कमी पडले तर ते मी सोसेन. परंतु तो हात एखाद्या दिवशी कमी पडला, तर आपण कोणाच्या सहीचे निवेदन पुढे करणार आहोत?