हिवाळ्यातले व्हेनिस



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला व्यासपीठावर उभे केले, की श्रोत्यांच्या मनात एक रास्त धास्ती उत्पन्न होते. आता हा गृहस्थ विमानतळापासून सुरुवात करणार आणि परतीच्या सामानाच्या वजनापाशी थांबणार! मी आपल्याला तशी शिक्षा देणार नाही. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही चार मित्र व्हेनिसला आठ दिवस राहून आलो. तेथे मनात एक प्रश्न शिरला, तो अजून बाहेर पडलेला नाही. तोच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

चौघांत एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर, एक डॉक्टर, एक वकील आणि चौथा मी शाळामास्तर. हिवाळा निवडला तो रसिकतेने नव्हे, तर काटकसरीने. नाताळाच्या आधी गर्दी कमी आणि भाडी उतरलेली, असा वकिलांचा हिशेब होता. बाकी काही असो, हिशेब बरोबर निघाला. आगगाडी समुद्रावरच्या लांब पुलावरून जाते. तो पूल 1846चा. तोवर या शहराला जमिनीवरून वाटच नव्हती. स्टेशनाबाहेर पाऊल टाकले, तर समोर रस्ता नाही, पाणी! दाट धुके पडलेले, त्यातून एखादी होडी अचानक पुढे येई आणि पुन्हा नाहीशी होई. डॉक्टर म्हणाले, "अहो, शहर कुठे आहे?" इंजिनियर म्हणाले, "थांबा, धुके उठू द्या. हजार वर्षे टिकले आहे, पाच मिनिटे धीर धरा."

हे शहर मुळात उभे कसे राहिले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. जमीन आणि समुद्र यांच्यामध्ये उथळ खाऱ्या पाण्याचा एक मोठा पट्टा आहे. आपल्या कोकणातला माणूस त्याला पाहताक्षणी खाजण म्हणेल. त्या चिखलात ओक आणि लार्च यांसारख्या झाडांचे लाखो खुंट ठोकून, त्यांवर दगड रचून घरे बांधली. लाकूड पाण्यात कुजत कसे नाही, असे मी विचारले. इंजिनियरांनी सांगितले, की चिखलात हवाच पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंचे फारसे चालत नाही. खुंटांवर इस्त्रियाचा घट्ट दगड बसवलेला असतो. त्यातून खारे पाणी वर चढत नाही. वरच्या विटा मात्र पाणी पितात. समुद्राने दगडाची पायरी ओलांडून विटेला हात लावला, की मीठ भिंतीत चढते आणि भिंत आतून भुगा होऊ लागते. व्हेनिसच्या दुखण्याचे मूळ एवढेच.

त्याहून नवल पुढे आहे. या खाजणात ब्रेंता, सिले, पिआवे या नद्या गाळ आणून ओतीत. गाळ साचला असता तर खाजणाची जमीन झाली असती, आणि पाण्याची तटबंदी नाहीशी झाली असती. म्हणून व्हेनिसच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खपून त्या नद्यांची तोंडेच वळवली आणि त्यांना परभारे समुद्रात सोडले. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पाण्यावर देखरेख करणारे स्वतंत्र अधिकारी त्यांच्या राज्यात होते. हे ऐकताना आमच्या इंजिनियरांच्या चेहऱ्यावर पंढरी पाहिलेल्या वारकऱ्याचे समाधान होते.

प्रत्येक चौकात दगडी कठड्याची एक विहीर दिसते. तिला खाली झरा नाही. भोवती खारे पाणी, मग गोडे पाणी कोठून येणार? चौकाखाली खड्डा खणून त्याला चिकणमातीचे अस्तर दिले, त्यात वाळू भरली आणि मध्ये विटांची नळी उभी केली. फरसबंदीच्या भोकांतून पावसाचे पाणी वाळूत उतरे, गाळले जाई आणि नळीत जमे. म्हणजे चौक हेच पाणी गाळण्याचे यंत्र, आणि त्याचे मालक चौकातले शेजारी. 1884 मध्ये मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले आणि विहिरींवर झाकणे पडली. परंतु कितीतरी पिढ्या या लोकांनी तहान सामायिक ठेवली होती, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

आता पाण्याच्या चढाईकडे येतो. हिवाळ्याच्या तोंडाला दक्षिणेकडून सिरोक्को नावाचा वारा सुटतो आणि आद्रियातिकचे पाणी वरच्या निमुळत्या टोकाकडे ढकलतो. त्यातच उधाणाची भरती आली आणि हवेचा दाब उतरला, की पाणी शहरात शिरते. तेथे पाण्याची उंची 1897 सालच्या समुद्रपातळीपासून मोजतात. त्या मानाने आज समुद्र 30 सेंटिमीटरांहून अधिक वर आला आहे. काही अंशी समुद्र चढला, काही अंशी शहर खचले. शेजारच्या मार्गेरा येथील कारखान्यांनी जमिनीखालचे पाणी उपसले, त्याचाही त्या खचण्यात वाटा होता. 4 नोव्हेंबर 1966 या दिवशी पाणी 194 सेंटिमीटरांवर गेले, आणि 12 नोव्हेंबर 2019 रोजी 187 वर.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालकीणबाई सत्तरीच्या घरातल्या. आयुष्यभर प्रवाशांशी बोलून त्यांचे कामचलाऊ इंग्रजी तयार झालेले होते. त्यांच्या जिन्यापाशी भिंतीवर दोन रेघा होत्या. वरची रेघ दाखवून त्या म्हणाल्या, "ही मी शाळकरी असतानाची. आम्ही दोन दिवस वरच्या मजल्यावर बसून होतो. वीज नाही, पाव नाही, आणि खालून तेलाचा वास." मी त्या रेघेकडे पाहत राहिलो. बंधूंनो, या पुण्यात 12 जुलै 1961 या दिवशी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आम्हीही माडीवर बसून खालचे पाणी पाहत होतो. आमच्याही वाड्याच्या भिंतीवर तशीच रेघ होती. वाडा गेला, तिच्याबरोबर रेघही गेली. मी बाईंना हे सांगितले. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि कॉफी करायला आत गेल्या. त्यानंतर आम्ही त्यांचे भाडेकरू राहिलो नाही, पाहुणे झालो.

खाजणाला समुद्राकडे तीन तोंडे आहेत : लिदो, मालामोक्को आणि किओज्जा. तेथे तळाशी एकूण 78 पोकळ पोलादी दरवाजे बसवले आहेत. एरवी ते पाण्याने भरून आडवे पडलेले असतात. मोठ्या भरतीचा अंदाज आला, की त्यांत हवा सोडून पाणी बाहेर काढतात आणि ते उभे राहून समुद्राला अडवतात. 2003 मध्ये काम सुरू झाले, खर्च पाच अब्ज युरोंच्या पुढे गेला, 2014 मध्ये लाचलुचपतीच्या प्रकरणात मोठमोठ्यांना अटका झाल्या, आणि अखेर 3 ऑक्टोबर 2020 रोजी दरवाजे प्रथमच खऱ्या भरतीपुढे उभे राहिले. शहर कोरडे राहिले! साधारणपणे 110 सेंटिमीटरांच्या अंदाजाला ते उचलतात. सेंट मार्कचा चौक त्याहून खाली आहे, तेथे मधल्या भरतीचे पाणी अजून येते. आम्ही घोट्याएवढ्या पाण्यात फळ्यांच्या रस्त्यावरून चाललो, आणि वकिलांनी आपला डावा बूट आद्रियातिकला अर्पण केला.

दरवाजे सारखे उचलले, तर खाजणाचे पाणी खेळते राहणार नाही आणि बंदराचाही खोळंबा होईल, अशी चिंता तेथे आहेच. समुद्र चढतच राहिला, तर उचलण्याचे दिवसही वाढणार. तरीही त्या दिवशी इंजिनियर मनापासून म्हणाले, "माणसाने ठरवले तर शहर वाचवता येते."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "कोणासाठी?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हांला रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानापाशी पाठवले. दुकानाच्या खिडकीत विजेचा एक आकडा लावलेला आहे. तो औषधाच्या किमतीचा नव्हे, जुन्या शहरात राहणाऱ्या माणसांचा आहे. 2008 पासून तो तेथे आहे, आणि उतरतोच आहे. 1951 मध्ये या बेटांवर सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. 2022 मध्ये ती संख्या 50 हजारांच्या खाली गेली. बाईंचा मुलगा पलीकडे मेस्त्रेत राहतो, कारण येथले भाडे त्याला परवडत नाही. त्यांच्या गल्लीतला सुतार गेला, चांभार गेला. त्यांच्या दुकानांत आता कार्निव्हलचे मुखवटे विकतात. संध्याकाळी आम्ही खिडक्या मोजल्या. समोरच्या भिंतीत चौदा होत्या, दिवा दोन ठिकाणी होता.

डॉक्टरांनी येथे एक गोष्ट काढली. रोगराईच्या जहाजांना दूर ठेवण्यासाठी व्हेनिसने 1423 मध्ये एका बेटावर इस्पितळ उघडले होते. 'क्वारंटाइन' हा शब्दही चाळीस दिवसांच्या त्यांच्या आकड्यावरून आला. 1630च्या प्लेगात शहराचा सुमारे एक तृतीयांश भाग मेला, आणि त्यातून सुटल्याची खूण म्हणून सालूतेचे मोठे देऊळ बांधले. परंतु काही दशकांत शहर पुन्हा भरले. "प्लेगाने माणसे नेली, पण घरे ठेवली," डॉक्टर म्हणाले. "ती घरे नव्या माणसांना मिळाली. आता माणसे जिवंत आहेत, घरेही शाबूत आहेत, पण त्यांची गाठ पडत नाही."

वकील म्हणाले, "पण मालकाने आपले घर कोणाला द्यावे, हे दुसऱ्याने का ठरवावे? बाईंना पोट नाही काय?" प्रश्न खोटा नव्हता. तेव्हा मला जाणवले, की आम्ही ज्या खोलीत झोपत होतो, ती बाईंच्या मुलाची होती. ती खोली आमच्या भाड्यावर चालत होती, आणि आमच्यासारख्यांच्या भाड्यामुळेच तिचा दर मुलाला न परवडणारा झाला होता. आपण अपराधी नव्हतो, पण निर्दोष होतो असेही मला म्हणवत नाही.

तेथल्या नगरपालिकेने एप्रिल 2024 पासून काही ठरावीक दिवशी, एका दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशांवर पाच युरोंचा प्रवेशकर बसवला. त्याआधी 2021 मध्ये मोठ्या प्रवासी जहाजांना सेंट मार्कसमोरून जाण्यास बंदी झाली होती. हे उपाय वाईट नाहीत. परंतु दाराशी तिकीट लावल्याने घरातला माणूस परत येत नाही. त्याला घर लागते, शाळा लागते, चांभार लागतो.

म्हणून त्या विहिरींची आठवण ठेवा, असे मी म्हणालो होतो. पाणी दुर्मीळ होते, तेव्हा त्या लोकांनी चौकाचे पाणी चौकाचे ठेवले, म्हणून सर्वजण जगले. आज तेथे पाणी मुबलक आहे, राहण्याची जागा दुर्मीळ आहे, आणि जागेची विहीर कोणी बांधलेली नाही. समुद्राला अडवणारे 78 दरवाजे पैशाने आणि विद्येने उभे राहिले. माणसांना धरून ठेवणारा दरवाजा उभा करणे अधिक अवघड आहे. त्यासाठी ज्याला लाभ होतो त्यालाच थोडे सोडावे लागते.

निघायच्या पहाटे बाई आम्हांला धक्क्यापर्यंत पोचवायला आल्या. धुके होतेच. होडी हलली, तेव्हा त्या म्हणाल्या, "पुन्हा याल तेव्हा मी असेन तर माझ्याकडेच उतरा." इंजिनियर एरवी फार बोलके, पण स्टेशन येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, मी आयुष्यभर पाणी अडवले. पाणी अडवल्यावर काठावर कोण राहते, ते मोजायचे राहून गेले."

आपणांपैकी पुष्कळजण जुन्या पेठांतून आला आहात. आज घरी परतताना आपल्या गल्लीतले दिवे एकदा मोजून पाहावेत, एवढीच विनंती करतो.