गोलंदाजाची सरासरी कशाशी ताडायची?

भोर आणि वेल्हे भागांत भाताची कापणी उरकली की मोकळ्या खाचरांत टेनिस बॉलचे सामने रंगतात. अमक्या गावचा पोरगा षटकामागे सहाच धावा देतो, तमक्याचा आठ देतो, म्हणून पहिला चांगला, असा निवाडा तिथे सर्रास होतो. जिल्ह्याच्या निवड चाचणीतही पुष्कळदा तोच हिशेब चालतो. माझं म्हणणं असं की, त्याच सामन्यात बाकीच्या गोलंदाजांनी किती धावा दिल्या हे शेजारी मांडल्याशिवाय त्या सहा किंवा आठ धावांना काही अर्थ नाही. पुरावा पुण्यातलाच घ्या. मार्च 1949 मध्ये मुंबई आणि महाराष्ट्र यांच्या रणजी उपांत्य सामन्यात 38 गडी बाद झाले आणि धावा झाल्या 2376, म्हणजे गड्यामागे साडेबासष्ट. फेब्रुवारी 2017 मध्ये गहुंजेच्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीत 40 गडी 757 धावांत बाद झाले. गड्यामागे एकोणीससुद्धा नाहीत. तेव्हा पहिल्या सामन्यात गड्यामागे चाळीस धावा देणारा दुसऱ्यात वीस देणाऱ्यापेक्षा सरस ठरतो. खाचरांचंही तेच. एकात बांध जवळ, दुसऱ्यात लांब. कुठे चेंडू ढेकळावर पडून उडतो, कुठे घोट्याखाली राहतो.

शिवाय एका सामन्यावर भाळू नये. गहुंजेला स्टीव्ह ओकीफने 70 धावांत 12 बळी घेतले, पण मालिकेच्या उरलेल्या तीन कसोटींत मिळून त्याला सातच मिळाले. अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी तर याच्याही पुढे जाऊन विचार केला. 2001 मध्ये वोरॉस मॅक्रॅकन या अभ्यासकाने असं मांडलं की, फटकावलेला चेंडू मैदानात राहिला तर फलंदाज बाद होतो की नाही, यात चेंडू फेकणाऱ्याचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. त्याचं कसब दिसतं ते फलंदाजाला चेंडू लागूच न देण्यात. हे क्रिकेटला जसंच्या तसं लावता येणार नाही, कारण स्लिपमधला झेल गोलंदाजानेच कमावलेला असतो. पण त्रिफळा उडवून घेतलेले चार बळी आणि सीमारेषेवर झेल देऊन मिळालेले चार बळी वेगळे लिहावेत, एवढं तरी त्यातून घ्यावं.

कोणी म्हणेल, जाणत्याची नजर आकड्यांपेक्षा मोठी. मनगट, धाव, चेंडू सोडण्याची उंची हे नजरेलाच दिसतं, कबूल. पण जाणता माणूस वेल्ह्याच्या प्रत्येक वाडीत पोहोचत नाही आणि चाचणीत मुलाला जेमतेम दोन-चार षटकं मिळतात. टेनिस बॉलचे आकडे लेदर बॉलला लागू पडत नाहीत, हा आक्षेप अधिक खरा आहे. म्हणूनच त्या आकड्यांवरून संघ निवडू नये. लेदर बॉल कोणाच्या हाती आधी द्यायचा, एवढंच ठरवावं. त्यासाठी भोर-वेल्ह्यातल्या स्पर्धांच्या आयोजकांना एक विनंती: धावफलक पुसण्याआधी दोन्ही संघांच्या प्रत्येक गोलंदाजाची षटकं, धावा, वाइड आणि बळी कसे मिळाले, हे वहीत उतरवा आणि ती वही जपून ठेवा.