दाराशी आलेला गैरहजर
(ज्युबिली महोत्सवानिमित्त पोहरादेवी येथे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या दिवशी गतवर्षांचा हिशेब मांडावा, अशी रीत आहे. किती बाप्तिस्मे झाले, किती मुले शिकून बाहेर पडली, हे या स्मरणिकेत अन्यत्र छापलेले आहेच. आम्ही मात्र आज एका चुकीचा हिशेब मांडणार आहोत. चूक आमची आहे. ती सुधारण्याचे काम आपणां सर्वांचे आहे.

आमच्या शाळेच्या पटावर एक मुलगा होता. पाय जन्मतःच दुबळे. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीस जात. मागे आजी राही. ती त्यास कडेवर घेऊन शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आणी. तेथून पुढे तिच्याने चढवत नसे. कोणी मोठा मुलगा भेटला तर त्याने वर न्यावे. न भेटल्यास थोडा वेळ थांबून दोघांनी घरी परतावे. असा एक हंगाम गेला. हजेरीपटावर बहुतेक दिवस ‘गैरहजर’ अशी नोंद होत गेली, आणि अखेर त्याचे नाव कमी करण्यात आले. त्या कागदावर सही आमची आहे. जे लेकरू शाळेच्या दाराशी येऊन बसले होते, त्यास आम्ही गैरहजर लिहिले!

त्यास कोणी हाकलले नव्हते, कोणी हिणवलेही नव्हते. आम्ही केवळ पाहिले नाही. पुष्कळसा अन्याय असाच, कोणाच्याही मनात वाईट नसता घडत असतो.

शुभवर्तमानातील कफर्णहूम येथील प्रसंग आपणांस ठाऊक आहे. चौघे जण एका पक्षघाती मनुष्यास बाजेवर घालून प्रभूकडे घेऊन आले. घरात दाटी होती. तेथील लोक दुष्ट नव्हते. ते तर प्रभूचे वचन ऐकण्यासच आले होते. परंतु त्यांची पाठ दाराकडे होती. त्या चौघांनी रोग्यास “आधी बरा हो, मग ये” असे सांगितले नाही. त्यांनी छप्पर उकलले आणि त्यास आत सोडले. छप्पर मोडल्याबद्दल प्रभूने त्यांस बोल लावला नाही. उलट त्यांचा विश्वास पाहिला. रामनवमीच्या यात्रेत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनासाठी थकलेल्या वडीलधाऱ्यांना आधार देऊन नेणारे लेक आपण येथे पाहतोच. जी माया यात्रेच्या वाटेवर दिसते, ती शाळेच्या आणि कचेरीच्या पायरीशी का थबकावी?

याचे एक कारण जुना समज होय. मूल व्यंग घेऊन जन्मले की आईने ग्रहण पाहिले, कोणाचे तरी पाप भोवले, असे आजही कुजबुजले जाते, आणि त्या लज्जेपायी मूल घरात झाकून ठेवले जाते. जन्मांधाविषयी शिष्यांनीही प्रभूला हेच विचारले होते, की पाप कोणाचे? प्रभूने उत्तर दिले की त्याचेही नव्हे, त्याच्या आईबापांचेही नव्हे. मग आपण तो प्रश्न पुन्हा का विचारावा?

ख्रिस्तसभेने या कामी काही केले आहे. मुंबईत मूकबधिर मुलांसाठी १८८५ साली बिशप लिओ म्यूरिन यांनी शाळा काढली. भारतातील ती अशी पहिली शाळा मानली जाते. परंतु हा अभिमान सांगताना दुसरी बाजू झाकू नये. १९१७ च्या धर्मविधिसंहितेप्रमाणे, शरीरातील व्यंगामुळे ज्यास वेदीची सेवा निर्धोकपणे अथवा शोभेल अशी करता येणार नाही, त्यास गुरुदीक्षेची मनाई होती. १९८३ च्या संहितेत ती मनाई राहिली नाही. म्हणजे आमच्याही घराचे छप्पर उकलावे लागले.

आपल्या वऱ्हाडातही उदाहरणे आहेत. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या अंध, मूकबधिर व मतिमंद मुलांना आपले नाव देऊन वाढविले. २०२४ साली त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची एक अंध मानसकन्या लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. तिच्या ठायी बुद्धी होतीच. तिला घर आणि शाळा मिळाली, एवढेच.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात एकोणतीस लक्षांहून अधिक दिव्यांग मोजले गेले. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. ज्यांचे दिव्यांगत्व चाळीस टक्के वा अधिक आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत अशा व्यक्तींसाठी किमान चार टक्के जागा राखीव आहेत. हा उपकार नव्हे, हक्क होय. परंतु कायदा कडेवर घेऊन कोणास वर चढवीत नाही. ते आपणांस करावयाचे आहे.

आपल्यांत दुकानदार आहेत, कंत्राटदार आहेत. भिक्षा देताना आपला हात सैल असतो. काम देताना मात्र “त्याला जमायचे नाही” असे आपण न पाहताच ठरवितो. बहिऱ्या मुलीच्या हाती शिवणयंत्र अथवा आपल्या बंजारा भगिनींचे भरतकाम द्या. तेथे कानाचे काम काय? पाय नसलेल्या तरुणास हिशेबाच्या मेजाशी बसवा. आधी एक महिना पाहा, पण मजुरी मात्र पहिल्या दिवसापासून इतरांइतकीच द्या. अर्धी मजुरी देऊन पुण्य जोडता येत नाही.

आता आमचा संकल्प. शाळेच्या पायऱ्या तीन, प्रत्येकी सहा इंच. म्हणजे उंची दीड फूट. एक फूट उंचीस बारा फूट लांबी, असे उताराचे प्रमाण आहे. म्हणून अठरा फुटांचा उतार हवा. ज्युबिलीच्या कमानीसाठी ठेवलेल्या रकमेतून तो बांधला गेला आहे, आणि कमान उभारलेली नाही. आज येताना कित्येकांनी “कमान कोठे?” असे विचारले. बंधूंनो, आपण तिच्यावरूनच आत आलात.

दुसरे, यापुढे ऊसतोडीस कुटुंबे निघण्यापूर्वी शिक्षक तांड्यातांड्यांत जाऊन मागे कोणते मूल राहते आणि त्यास शाळेत कोण आणील, हे विचारतील. नायक-कारभाऱ्यांनी त्यांस साहाय्य करावे.

त्या मुलाचे नाव यंदा जूनमध्ये पुन्हा पटावर चढले. त्याच्या आजीची आम्ही क्षमा मागितली. ती एवढेच म्हणाली, “आता उशीर करू नका.” बुडालेली दोन वर्षे आम्ही त्यास परत देऊ शकत नाही. परंतु आज पायरीशी बसलेले दुसरे कोणी मूल असेल, तर त्याची वर्षे अद्याप आपल्या हाती आहेत.

दाराकडे केलेली आपली पाठ प्रभू वळवो, आणि आपणां सर्वांस त्या चौघांचे बळ देवो. आमेन.