मालक गेल्यावर काय उरतं?



मुक्त स्रोत नकाशा सॉफ्टवेअरच्या या परिषदेचा मी स्वागताध्यक्ष. स्वागताध्यक्षाने चहा-जेवणाची व्यवस्था सांगावी आणि माइक सोडावा, अशी रीत आहे. व्यवस्थेचा कागद तुमच्या हाती दिलेलाच आहे. तेव्हा मिळालेल्या वेळात, या परिषदेत काय पाहावं याविषयी माझं मत मांडतो. कार्यक्रमपत्रिकेत त्रिमितीय शहरं आहेत, ड्रोनने टिपलेली शिवारं आहेत, उपग्रहचित्रांवरून पीक ओळखण्याचे प्रयोग आहेत. ते जरूर पाहा. पण असली प्रात्यक्षिकं बंद सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांच्या मेळाव्यातही असतात, आणि खरं सांगायचं तर तिथे झगमगाट जास्त असतो. इथे प्रत्येक मांडणीपुढे उभं राहून एक प्रश्न विचारावा: उद्या याचा कर्ता किंवा मालक निघून गेला, तर मागे काय उरेल? पैसे वाचतात ही सोय झाली. मुक्त स्रोताचं खरं मोल या प्रश्नाच्या उत्तरावर ठरतं.

ग्रास या नकाशा-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचं नाव इथे अनेकदा ऐकू येईल. 1980च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या इलिनॉयमधल्या बांधकाम-संशोधन प्रयोगशाळेने लष्करी जमिनींच्या व्यवस्थापनासाठी ते लिहायला घेतलं आणि 1990च्या दशकाच्या मध्यावर लष्कराने त्यातून अंग काढून घेतलं. एखाद्या कंपनीच्या कुलपात असतं तर ते तिथेच संपलं असतं. कोड उघडा होता म्हणून विद्यापीठांतल्या मंडळींनी तो उचलला, 1999 साली त्याला जीपीएल हा मुक्त परवाना लावला, आणि आज क्यूजीआयएस या मुक्त नकाशा सॉफ्टवेअरमध्ये पाणलोट क्षेत्र काढणारे कितीतरी जण ग्रासचीच गणितं चालवतात. याच्या शेजारी गूगल मॅप मेकर ठेवून पाहा. 2008 साली ते सुरू झालं, आणि भारतातल्या असंख्य हौशी लोकांनी त्यात आपल्या गावचे रस्ते, शाळा, देवळं भरली. 2017च्या मार्चअखेर कंपनीने ते बंद केलं. लोकांनी घातलेले रस्ते कंपनीच्या नकाशात राहिले, पण त्यांचं पुढे काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार घालणाऱ्यांकडे उरला नाही. 2004 साली ब्रिटनमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी भरायच्या नकाशाचं तसं नाही. त्याचा सगळा डेटा परवान्याच्या अटी पाळून कुणालाही उतरवून घेता येतो. अलीकडचा दाखला मॅपबॉक्सचा. या कंपनीने डिसेंबर 2020 मध्ये ब्राउझरमध्ये नकाशे दाखवणाऱ्या आपल्या लायब्ररीचा मुक्त परवाना काढून घेतला. तेव्हा वापरणाऱ्यांनी शेवटची उघडी आवृत्ती घेऊन मॅपलिब्रे उभं केलं, आणि आज ते स्वतःच्या पायावर चालतं आहे.

यावर सरकारी कचेऱ्यांतून हमखास येणारा आक्षेप असा, की चूक झाली तर जबाबदार कोण? कंपनी असली की निदान पत्र पाठवायला पत्ता तरी असतो. आक्षेप खोटा नाही. पण बंद सॉफ्टवेअरचे परवाने कधी नीट वाचले तर तिथेही नुकसानीची जबाबदारी शक्य तितकी झटकलेलीच दिसेल. आणि पैसे घेऊन मुक्त सॉफ्टवेअरची देखभाल करणारे व्यावसायिक आहेत. पाठवायचंच असेल तर पत्र त्यांनाही पाठवता येतं. मला दुसरा आक्षेप जास्त गंभीर वाटतो. दुरुस्तीची मुभा असली म्हणजे दुरुस्ती होतेच असं नाही. फ्रँक वॉर्मरडॅम यांनी 1998 साली सुरू केलेली जीडाल ही लायब्ररी निरनिराळ्या स्वरूपांतला नकाशाचा डेटा वाचते; बंद म्हणवणारी सॉफ्टवेअरंही आतून तिच्यावर विसंबतात. तरीही वर्षानुवर्षं तिचा भार मोजक्या माणसांच्या खांद्यावर होता. 2021 मध्ये नियमित प्रायोजकत्वाची व्यवस्था झाली आणि तीत मोठ्या कंपन्या आल्या. त्यांत बंद सॉफ्टवेअर विकणारी एस्रीही आहे. म्हणून कुठल्याही प्रकल्पाच्या माणसाला गाठलंत, तर नव्या सुविधा किती हे विचारण्याआधी देखभाल किती जण करतात आणि त्यांचं घर कशावर चालतं, हे विचारा.

आपल्याकडे कोड उघडा असण्याचा हा प्रश्न थेट शेताच्या बांधापर्यंत येतो. सर्वेक्षणाचे जुने नकाशे 1830च्या एव्हरेस्ट गोलाभावर बेतलेले, तर हातातला मोबाइल डब्ल्यूजीएस 84 या जागतिक संदर्भावर चालतो. रूपांतर न करता एकावर दुसरा ठेवला, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटर किंवा त्याहूनही जास्त सरकते. एका एकराचा चौरस तुकडा साधारण चौसष्ट मीटर बाजूचा असतो. म्हणजे ठिपका बांधावर न पडता शेजाऱ्याच्या शेतात पडतो, आणि शेजाऱ्याच्या शेतावरून आपल्याकडे काय काय होतं ते सांगायला नको. हे रूपांतर बंद सॉफ्टवेअरही करतं आणि बरेचदा बरोबरच करतं. फरक पडतो वाद उभा राहिल्यावर. क्यूजीआयएसच्या पोटात प्रोज नावाची लायब्ररी हे काम करते. कोणतं रूपांतर वापरलं, त्याचे आकडे कोणते, अचूकता किती मीटरची, हे तिथे बघता येतं, आणि गणित चुकलं असेल तर ते कुठे चुकलं हे कोडमध्ये जाऊन दाखवता येतं. मोजणीच्या तंट्यात दोन्ही पक्षांना तपासता येईल असं साधन असणं ही मला लहान गोष्ट वाटत नाही. कुणी म्हणेल, सॉफ्टवेअर उघडं असून काय उपयोग, मूळ नकाशेच सरकारच्या कपाटात आहेत. फेब्रुवारी 2021च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी नकाशे करण्यावरचे बरेच निर्बंध काढले, पण परवानगी मिळणं आणि डेटा हातात पडणं यांत अजून अंतर आहे. ते कापण्याचं काम सॉफ्टवेअरचं नाही, आपलं आहे. इथे आलेल्या शासकीय अधिकाऱ्यांकडे हा विषय आदराने पण आग्रहाने काढावा, अशी माझी विनंती आहे.

शेवटी एक घरचं काम. मघाशी मॅपलिब्रेचं कौतुक केलं, पण देवनागरीची त्याच्याविषयी फार जुनी तक्रार आहे. अक्षरं एकेक करून मांडण्याच्या त्याच्या पद्धतीत जोडाक्षरं तुटतात. 'सिन्नर' लिहिलं तर वेलांटी स च्या नंतर जाऊन बसते आणि दोन न सुटे पडतात. मॅपनिक या नकाशे रेखणाऱ्या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 2015च्या तिसऱ्या आवृत्तीपासून अक्षरजोडणीसाठी हार्फबझ ही लायब्ररी आली, तेव्हा हे काम अशक्य नाही. ते करायचं कुणी? ज्यांना तुटलेलं अक्षर डोळ्यांना खुपतं त्यांनी. कोड येत नसेल त्यांनी ओपनस्ट्रीटमॅपवर आपल्या तालुक्यातल्या गावांची मराठी नावं तपासून भरावीत. तेही तितकंच गरजेचं आहे. समारोपाच्या दिवशी कोड स्प्रिंट, म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून कोडवर काम करण्याचं सत्र, आहे. बहुतेक परिषदांत त्या दिवशी सभागृह रिकामं होतं आणि लोक परतीच्या गाड्या पकडतात. आपण तसं करू नये. त्या दिवशीच्या जेवणाची सोय समितीने केलेली आहे. तिकीट संध्याकाळचं काढा आणि स्प्रिंटच्या टेबलाशी येऊन बसा.