गाण्यामागची घूं घूं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घरात चांगला अ‍ॅम्प्लिफायर असतो, दोन स्पीकर असतात, वर्षानुवर्षं जपलेल्या ध्वनिमुद्रिका असतात. आणि ध्वनिमुद्रिकेतला तंबोरा सुरू होण्याआधीच स्पीकरमध्ये दुसरा एक तंबोरा लागलेला असतो. घूंऽऽऽ असा. गाणं रंगात आलं की तो लपतो, पण आलापी करताना गायक क्षणभर थांबला की पुन्हा वर येतो. याला कंटाळून कित्येक जण धडधाकट यंत्रणा भंगारात देतात. काही जण त्याहून वाईट उपाय करतात. त्याबद्दल पुढे बोलणारच आहे.

आधी या आवाजाचा सूर ओळखू या. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० आवर्तनांची. त्यामुळे स्पीकरमधली घूं घूं एकतर ५० आवर्तनांची असते, नाहीतर तिच्या दुपटीची, म्हणजे १०० ची. पेटी जाणणाऱ्यांनी ताडून पाहावं, १०० चा सूर खर्जातल्या पांढरी पाचच्या जवळ पडतो, पण जरासा चढा. गाणं पांढरी एकमधलं असेल, तर हा नको असलेला पंचम बेसूर लागतो. कान विटतात ते उगाच नव्हे.

तपास मात्र कानापेक्षा हाताने करायचा. आवाजाचं बटण फिरवून पाहा. त्याबरोबर घूं घूं कमी-जास्त झाली, तर दोष बटणाच्या अलीकडे आहे, म्हणजे सीडी प्लेअर, टीव्ही, रेकॉर्ड प्लेअर किंवा त्यांच्या जोडवायरींमध्ये. बटण शून्यावर आणलं तरी ती जशीच्या तशी राहिली, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटात आहे. जुन्या यंत्रात बहुधा वीज गाळून सपाट करणारे मोठे कपॅसिटर सुकलेले असतात. ते काम जाणकार कारागिराचंच. विशेषतः व्हॉल्व्हचा जुना संच कुणीही घरी उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

समजा, दोष बटणाच्या अलीकडे निघाला. आता अ‍ॅम्प्लिफायर बंद करून मागच्या सगळ्या जोडवायरी काढा. पुन्हा चालू करा. शांतता असेल तर एकेक वायर परत जोडत जा, दर वेळी यंत्र बंद करूनच. ज्या वायरीबरोबर घूं घूं परत येईल, तिथे चोर सापडला. शहरी घरांत हा चोर फार वेळा टीव्हीच्या बाजूने येतो.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. केबलवाल्याची जाड वायर तुमच्या घरात येते, तिच्यावर धातूची जाळी असते. ती जाळी कुठेतरी दूर, दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर वगैरे जमिनीला जोडलेली असते. इकडे तुमचा अ‍ॅम्प्लिफायर तुमच्या घराच्या अर्थिंगला जोडलेला. दोन ठिकाणच्या जमिनी विजेच्या हिशेबात अगदी सारख्या नसतात, थोडा फरक राहतो. मग गच्चीवरून केबल, केबलमधून सेट टॉप बॉक्स, तिथून टीव्ही, जोडवायर, अ‍ॅम्प्लिफायर आणि परत जमीन, असं एक मोठं कडं तयार होतं आणि त्यातून बारीकसा प्रवाह फिरू लागतो. हा प्रवाह गाण्याच्याच वायरीच्या जाळीतून जातो, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर त्यालाही गाणं समजतो आणि मोठा करून ऐकवतो. खात्री करायची तर सेट टॉप बॉक्सच्या मागची केबल काढा. घूं घूं तत्काळ थांबली, तर निदान झालं.

उपाय म्हणजे हे कडं तोडणं. केबलमध्ये बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो. डिशवाल्यांना मात्र तो चालत नाही, कारण छतावरच्या डिशला लागणारी वीज त्याच केबलमधून वर जाते, ती अडते. त्यांनी गाण्याच्या वायरीत ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घालावा. दोन्ही यंत्रांना ऑप्टिकल जोडणीची सोय असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या तारेतून प्रकाश जातो, वीज जातच नाही. आणि खर्च करण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहा. टीव्ही, प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यांचे प्लग एकाच बोर्डावर घ्या. निम्म्या घरांत तेवढ्यानेही फरक पडेल असं मला वाटतं.

आता तो वाईट उपाय. कडं तोडायचं म्हणजे अर्थिंग तोडायचं, असा हिशेब करून लोक प्लगची वरची जाड पिन कापतात, किंवा तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळतात, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडामध्ये बसवतात. घूं घूं खरोखर थांबते, हीच यातली गोम. पण पुढे कधी आतली एखादी वायर सुटून धातूच्या पेटीला टेकली, तर ती वीज जमिनीत जायला वाट उरत नाही. फ्यूज उडत नाही, यंत्र गात राहतं, आणि ओल्या हाताने बटण फिरवायला गेलेला माणूसच ती वाट होतो. ती पिन इतर दोहोंपेक्षा लांब केलेली आहे, ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी म्हणून. तिला हात लावू नका. कुणी मेकॅनिकने कापून दिली असेल तर आजच नवा प्लग बसवून घ्या.

उलट प्रकारही असतो. प्लगला पिन आहे, पण भिंतीतल्या भोकामागे वायरच नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास आढळतं. पेटीला बोट लावलं की झिणझिण्या येत असतील, तर वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. गाण्याचं राहू द्या बाजूला, फ्रिज आणि गिझरही त्याच भरवशावर चालतात.

रेकॉर्ड प्लेअरवाल्यांची गोष्ट थोडी निराळी. सीडी प्लेअरमधून साधारण दोन व्होल्टचा संदेश निघतो. तबकडीवरच्या सुईतून निघतो चार-पाच मिलीव्होल्टचा, म्हणजे जवळपास चारशेपट लहान. त्यात तबकडी कापताना खर्जाचे सूर मुद्दाम बारीक कापलेले असतात. ते पूर्ववत करायला अ‍ॅम्प्लिफायर खर्ज आणखी उचलतो, आणि ५० आवर्तनांची घूं घूं नेमकी खर्जात बसते! म्हणून प्लेअरमागे जी एक बारीक सुटी तार लोंबत असते, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या जीएनडी लिहिलेल्या स्क्रूला आवळा. जोडवायरी विजेच्या वायरींपासून दूर ठेवा, प्लेअर अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नका, आणि स्पीकरच्या टेबलावर तर नाहीच नाही.

घूं घूं नसून भर्रर्र असा कर्कश आवाज येत असेल, तर पंख्याकडे पाहा. काही इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट मधेच कापून पंखा हळू करतात, आणि त्या कापाकापीचा आवाज घरभर पसरतो. पंखा बंद करून फरक पडला, तर कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवून घ्या. पूर्वीचे ते ठोकळ्यासारखे रेग्युलेटर गरम व्हायचे, वीज खायचे, पण गाण्यात तोंड घालत नसत. मध्यम लहरींवर रेडिओ ऐकणाऱ्यांनी स्वस्तातले एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर एकेक बंद करून पाहावेत. आणि टिट-टिट-टिर्रर्र असा आवाज येऊन लगेच फोन वाजत असेल, तर टू-जी फोन अ‍ॅम्प्लिफायरपासून उचलून लांब ठेवा, एवढंच.

बटण फिरवताना होणारी खरखर म्हणजे आतल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ. यंत्र बंद ठेवून बटण पंचवीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. नाहीच गेली तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणा. रॉकेल किंवा शिवणयंत्राचं तेल घालू नका. कोकणात पावसाळ्यानंतर स्पीकरच्या तारांची टोकं काळी-हिरवी पडतात. ती अर्धा इंच कापून नवं तांबं उघडं करा.

एवढं करूनही जुन्या तबकडीत काही ऐकू आलं, तर सुई उचलून पाहा. आवाज राहिला तर तो यंत्राचा, गेला तर बहुधा तबकडीचाच. ७८ च्या तबकड्या लाखेत दगडाची भुकटी मिसळून केलेल्या असत. त्यांची सरसर त्या दगडाची आहे, तिला वायर बदलून काही होणार नाही.