सतरा उंटांची वाटणी



एका गृहस्थाने मागे 17 उंट ठेवले. थोरल्याला निम्मे, मधल्याला तिसरा हिस्सा, धाकट्याला नववा. (हे कोडेच, आपल्या वारसाहक्काचे हिस्से निराळे.) शेजाऱ्याने आपला एक उंट त्यांत सोडला. झाले 18. मग 9, 6 आणि 2 वाटून त्याचा उंट त्याला परत!

आमची मुले असे प्रश्न मोबाईलवर विचारतात व आलेले उत्तर वहीत उतरवतात. विचारण्यास माझी हरकत नाही. पण एक उंट उरला कसा, हे किती जण विचारतात? हिश्श्यांची बेरीज 17/18 होते. बापाने पूर्ण इस्टेट वाटलीच नव्हती. हे न उमगलेल्या मुलाचा हात दहावीच्या पेपरात आकडे बदलताच थांबतो. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीने बीजगणिताच्या ग्रंथात वारसावाटणीची कितीतरी उदाहरणे रीतीसह सोडवून दाखवली, नुसती उत्तरे दिली नाहीत.

पालकांनो, आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. "उत्तर आले का?" ऐवजी "कुठवर आले, कुठे अडले?" असे विचारा. मदत मागतानाही मुलांनी तेवढे लिहावे.

विद्यार्थ्यांनो, आता 11 उंट घ्या: निम्मे, चौथा हिस्सा, सहावा हिस्सा. कारणासह वहीत सोडवून सोमवारी आणा.