दुकानाची पाटी आणि संकेतस्थळाचे नाव

(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



नांदेड-लातूरच्या बाजारात दुकान काढावयाचे असले म्हणजे पाटीवर काय लिहावे हे आपण चार वडीलधाऱ्यांना विचारून ठरवितो. त्याच दुकानाचे संकेतस्थळ काढताना मात्र नावाची बाब संगणकवाल्यावर सोपवून मोकळे होतो. म्हणून या नावाविषयी दोन शब्द सांगावयाचे आहेत.

पहिली गोष्ट, नाव कानाने ऐकून लिहिता आले पाहिजे. आपल्यातील 'शेख' हेच नाव घ्या. इंग्रजीत कोणी 'एस-एच-ए-आय-के-एच' लिहितो, कोणी 'एस-एच-ई-आय-के-एच', तर कोणी नुसत्या 'एस-के'वर भागवितो. 'सय्यद'ची गतही तीच. गिऱ्हाइकाने एक अक्षर चुकविले की तो भलत्याच दारात जाणार! नाव ठरविण्यापूर्वी ते फोनवरून एखाद्या शाळकरी मुलास सांगा. त्याने न विचारता बरोबर लिहिले, तर नाव चांगले समजा. नियमाने एका नावात 63 अक्षरांपर्यंत मुभा आहे; पण दहा-बारा अक्षरांत भागत असेल तर लांबण कशाला? मध्ये आडवी रेघ व आकडेही शक्यतो नकोत.

दुसरे, नाव फार अरुंद नसावे. आज लातूरची तूरडाळ विकणारा उद्या सोयाबीन तेल विकू लागला, तर नुसत्या डाळीचे नाव त्याला अडचणीचे होईल. उलट अर्धापूरच्या केळीसारखा गावावरून ओळखला जाणारा माल असेल, तर गावाचे नाव जरूर घ्यावे.

तिसरे, नावाच्या शेपटाचा विचार करावा. 'डॉट कॉम' 1985 पासून आहे. आपल्या देशाचे 'डॉट इन' 2005 मध्ये सर्वांस खुले झाले, आणि 2014 मध्ये देवनागरीत 'डॉट भारत' आले. उर्दू लिपीतही तशी सोय आहे. परगावच्या व्यापाऱ्यांसाठी इंग्रजी नाव ठेवून जोडीला आपल्या लिपीतील नावही घेता येते.

चौथे, दुसऱ्याच्या नावाची नक्कल करू नका. 'रेडिफ' या कंपनीच्या नावात एकच अक्षर बदलून कोणी 'रॅडिफ' हे नाव घेतले होते. 1999 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यास मनाई केली. असे नाव म्हणजे केवळ पत्ता नव्हे, व्यापारचिन्हासारखेच त्यासही संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने मानले. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 'सिफी' प्रकरणात हेच तत्त्व मान्य केले.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे नाव कायमचे विकत मिळत नाही; एक ते दहा वर्षांच्या मुदतीने मिळते. मुदत संपून नूतनीकरण राहिले, तर काही काळाने ते दुसरा कोणीही घेऊ शकतो. आणि नोंदणी संकेतस्थळ बनविणाऱ्याच्या नावावर असेल, तर बिलांवर, पोत्यांवर छापलेले तुमचे नाव त्याच्या मुठीत राहते. बापाने तीस वर्षांत कमावलेली पत अशी परक्याच्या हाती का द्यावी? नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर व ई-मेलवर करा, पावती दुकानाच्या कागदपत्रांत ठेवा.

विद्यार्थ्यांनो, विशेषतः संगणक शिकणाऱ्या मुलींनो, हे काम तुम्हांस सहज जमण्यासारखे आहे. घरच्या धंद्याचे संकेतस्थळ असेल, तर ते कोणाच्या नावावर आहे आणि मुदत केव्हा संपते, एवढे आज घरी गेल्यावर विचारा. उत्तर मिळाले नाही, तर शोधून काढा. शिक्षणाचा घराला उपयोग होतो तो असा.